कमानच्यावर पाच बोटं

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या हायस्कुलातले कार्यानुभवाचे सर. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात अशासाठी ठेवलेला असतो, की गणिताच्या सरांना जादा तास हवा असेल तर तो कुठून घ्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. उरलेल्या तासांत आम्ही खडू बनवायचो. ते फळ्यावर उमटत नसत, पण तपासणीला साहेब आले की टेबलावर फार सुंदर दिसत. शाळेची पेटीही सरांच्याच ताब्यात होती. त्यामुळे प्रार्थना, स्नेहसंमेलन आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं एकाच चालीतलं स्वागतगीत ही कामंही त्यांच्याच गळ्यात पडलेली होती.

माझे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. घरात दहावीच्या पलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरला, कारण आमच्या घरात फॉर्मला सगळे घाबरायचे. जिल्ह्याच्या गावी प्रवेशाच्या रांगेतही ते माझ्याबरोबर उभे होते. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आपण याचे कोण?" सर म्हणाले, "खडूचा मास्तर." बाईंनी रकान्यात 'पालक' लिहिलं.

त्या फॉर्मच्या जोरावर मी आज इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करतो. सलाइनचे पंप, मॉनिटर, कुरकुरणारे बेड. आई गावात सांगते, मुलगा लंडनला डॉक्टर आहे. यातले दोन्ही तपशील चुकीचे आहेत, पण ती इतक्या आनंदाने सांगते की दुरुस्ती हा माझा धंदा असूनही तिथे मी हात घालत नाही.

सरांचे उपकार सांगायचे तर पेटीची गोष्ट सांगायलाच हवी. मी सातवीत होतो. पेटीची एक पट्टी दाबली की करकरायची. डेपोत वाढलेल्या मुलाला जगाचा एकच नियम ठाऊक असतो: करकरलं की तेल. मी घरून आईची खोबरेलाची बाटली आणली आणि मधल्या सुट्टीत पेटीत ओतली. थंडीचे दिवस होते. तेल आत गोठलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मी हळूच वाजवून पाहिलं, तर पेटी म्हशीसारखी नुसती फुसफुसली. मग अक्कल चालवून मी ती कुणाला न सांगता मागच्या अंगणात उन्हात ठेवली. तेल वितळलं आणि भात्यात उतरलं.

सरांनी हात उगारला नाही. माफीपत्र लिहायला बसवलं. त्यांच्या माफीपत्रात तीनच गोष्टी लागायच्या: काय केलं, कुणाचं नुकसान झालं, आता काय करणार. आणि 'चुकून' हा शब्द दिसला की कागद परत. माझा दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "पण सर, चुकूनच झालं हो!"

सर म्हणाले, "ठेच चुकून लागते. बाटली घरून आणावी लागते." मग म्हणाले, "आणि नुकसान एकदाच झालं होतं. लपवायला गेलास तेव्हा दुसऱ्यांदा झालं."

हे सगळं मला तीसेक वर्षांनी यॉर्कशरमध्ये इस्त्रीच्या टेबलासमोर उभं राहून आठवायचं होतं. तेव्हा ते माहीत नव्हतं, हे एक बरं.

लीड्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून एक इराणी आजोबा राहतात. जन्मभर इथल्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवल्या, आता निवृत्त. आमची ओळख कचऱ्याच्या डब्यांमुळे झाली. कौन्सिलच्या हिरव्या डब्याचा दिवस कोणता आणि काळ्याचा कोणता, हे इथे ज्याला पाठ असतं तो खरा नागरिक. बाकी पासपोर्ट वगैरे नंतर. आजोबांना पाठ होतं. त्यांनी मला शिकवलं आणि विचारलं, काय करता? मी सांगितलं. त्या दिवसापासून ते मला 'मोहंदेस' म्हणू लागले. फारसीत मोहंदेस म्हणजे इंजिनिअर, आणि त्यांच्याकडे म्हणे पदवी हाक मारायलाच वापरतात. मला भरून आलं. कामावर मला सगळे 'मेट' म्हणतात आणि तोच किताब ते पार्सल आणणाऱ्यालाही देतात. या देशात माझ्या पदवीला पदवीसारखं वागवणारा हा पहिलाच माणूस.

बायकोला याचं कौतुक नव्हतं. ती पुण्याची. तिच्याकडे पणजोबांपासून सगळे पदवीधर, त्यामुळे तिला कशाबद्दलच कृतज्ञ राहावं लागत नाही. "इंजिनिअर म्हटलं की विरघळतोस," ती म्हणायची. "आमच्या सोसायटीत दगड मारला तर इंजिनिअरला लागतो."

दर रविवारी दुपारी चार वाजता भिंतीपलीकडून आवाज यायचा. पहिले काही महिने आम्हाला वाटलं बॉयलर बिघडलाय. मग लक्षात आलं, बॉयलर सुरात बिघडत नाही. माणूस पुष्कळ रडून झाल्यावर शांतपणे बोलायला लागतो, तेव्हा त्याचा आवाज होतो ना, तसा तो आवाज. अर्धा तास चालायचा आणि थांबायचा.

मागच्या सप्टेंबरात आजोबांनी मला चहाला बोलावलं आणि ते वाद्य दाखवलं. कमानचा. गजाने वाजवायचं इराणी वाद्य. खाली नारळाएवढा गोल भोपळा, पण भोपळ्याचा नव्हे. तुतीच्या आणि अक्रोडाच्या लाकडाच्या पातळ फाका जोडून केलेला. त्याच्या तोंडावर कोकराचं पातळ, पांढुरकं कातडं ताणून बसवलेलं. वर काळी दांडी, चार तारा, चार खुंट्या, आणि बुडाशी लोखंडी अणी. ती मांडीवर टेकवायची आणि गज जागच्या जागी ठेवून वाद्यच फिरवायचं. गजाचे केसही वाजवणाराच बोटांनी ताणून धरतो. म्हणजे सगळी मेहनत माणसाने करायची आणि नाव वाद्याचं. मला ते फार ओळखीचं वाटलं.

पण मी बघत राहिलो ते दांडीवरचं काम. उंटाचं हाड, पितळ आणि दोन-तीन रंगांचं लाकूड यांचे तिळाएवढे त्रिकोण जोडून केलेल्या चांदण्या. एका बोटाच्या पेरात किती बसल्यात ते मी मोजायला गेलो आणि सोडून दिलं. पाठीच्या फाकांच्या सांध्यांतूनही त्याच चांदण्यांची बारीक वेल उतरत गेलेली.

"माझ्या वडिलांचा," आजोबा म्हणाले. "इथे बघ, मोहंदेस. काही वेगळं दिसतं?"

मी डोळे ताणले. एका चांदणीचे चार त्रिकोण जरा जास्तच पांढरे होते.

"इथलं हाड पडलं होतं. लीड्समध्ये उंट कुठून आणू? कवळीच्या दातांचे तुकडे घासून बसवले." ते खूश होऊन हसले. "माझ्या वडिलांच्या वाद्यात यॉर्कशरचे चार दात आहेत."

मी मनापासून म्हटलं, की इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात हातात घेतलेली नाही.

आजोबा लगेच म्हणाले, "तुझीच आहे. घेऊन जा."

आता आमच्याकडे याची रीत आहे. कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. पहिल्यांदाच घेतलं तर हावरट, तिसऱ्यांदाही नाही घेतलं तर शिष्ट. मी म्हटलं, "छे छे." ते म्हणाले, "घे, तुझ्यापुढे याची काय किंमत!" मी म्हटलं, "नको हो, खरंच नको." ते म्हणाले, "माझा शब्द मोडू नकोस." तिसऱ्यांदा. मी संस्कारी घरातला. मी घेतलं.

आजोबांनी दांडीवरचा हात लगेच काढला नाही. मला वाटलं, भावना दाटून आल्या. मग त्यांनी कपाटातून एक जुनी शाल काढली, कमानचा तिच्यात गुंडाळला आणि दारापर्यंत सोडायला आले.

बायको माझ्याकडे आणि शालीकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तू आणलंस? खरंच आणलंस?"

"तीन वेळा म्हणाले ते."

"उद्या कुणी म्हणालं, तुझ्यासाठी जीव देतो, तर तोही पिशवीत घालून आणशील."

मी तिला समजावलं की थोरांचं मन मोडू नये. मला वाजवता येत नव्हतं. एकदा गज फिरवून पाहिला तर शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. म्हणून मी तो नुसता बघण्यासाठी खुर्चीवर उभा करून ठेवला. पुढच्या रविवारी चार वाजता भिंत गप्प होती. त्याच्या पुढच्याही. आजोबांचे हात दुखत असतील, असं मी निदान केलं. आईच्या मते मी डॉक्टर आहेच.

मग दसरा आला. आमच्या मंडळाचे सगळे सण शनिवारी येतात. तिथीला लीड्समध्ये पार्किंग मिळत नाही. त्यामुळे खंडेनवमी आणि दसरा एकाच शनिवारी, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दोन ते पाच. पाच वाजता झुंबाचा क्लास असतो, तोवर असत्यावर सत्याचा विजय आटोपावा लागतो.

खंडेनवमीला ज्याने त्याने आपली हत्यारं पूजेला आणायची. आमच्या डेपोत हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. गाड्या धुवून रांगेत लावायच्या, जॅक आणि पाने मांडायचे, नारळ फोडायचा. डेपो मॅनेजर त्या दिवशी टायरवाल्यांनाही स्वतःच्या हाताने पेढा द्यायचे; बाकीचं वर्ष त्यांना टायरवाले दिसत नसत. वडील ओल्या हळदीकुंकवात हात बुडवून बॉनेटवर पाच बोटं ओढायचे. मी आठ वर्षांचा झाल्यावर ते काम त्यांनी मला दिलं. पदवीदान समारंभ मी नंतर पाहिला. तो त्याच्यापुढे काहीच नव्हता.

मंडळाच्या टेबलावर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवले होते. पार लंडनजवळच्या ब्रॅकनेलहून खास आलेल्या एका आयटीवाल्याने लॅपटॉप ठेवला होता, पण कंपनीची पॉलिसी आहे म्हणून कुंकू चार्जरला लावायला सांगितलं होतं. मी मल्टिमीटर नेला होता. आणि कमानचा. इतकी देखणी वस्तू आपल्या घरात आलीय आणि ती फक्त बायकोने बघून नाक मुरडायचं, हे मला बरं वाटेना.

सजावट समितीने ताबडतोब त्याच्याभोवती दिव्यांची माळ गुंडाळली. दांडीवर हजारभर चांदण्या आधीच होत्या, पण त्या लुकलुकत नव्हत्या ही त्यांची उणीव. आमचे अध्यक्ष निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या भाषणांवरून ते लगेच कळतं. ते कमानच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"This is basically our सारंगी," ते म्हणाले. "इथून तिकडे गेलं." 'इथून' म्हणताना त्यांनी फायर एक्झिटकडे बोट दाखवलं. "नावच बघा ना. कमान. शुद्ध मराठी."

हा शुद्ध मराठी शब्द आपल्याकडे कुठून आला, हे विचारण्याइतका असंस्कृत तिथे कुणी नव्हता.

पिनरहून लेकीकडे आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "रुखवतात ठेवायला छान आहे हो. मोती लावलेत का?"

"हाड आहे, मावशी. उंटाचं."

इथेच जन्मलेली एक मुलगी पुढे झाली. "काका, खरी हाड? Like, actual animal? And that bit's skin?"

मावशींनी प्रसादाचं ताट चार फूट मागे घेतलं. त्यांच्या मागेच मंडळाचा तबला होता, पण तबल्याचं कातडं बहुधा झाडाला लागतं.

अध्यक्षांच्या पत्नीने माझ्यापुढे कुंकवाची वाटी धरली. "लाव रे तूच. तुझी वस्तू."

हळदकुंकू पाण्यात कालवलेलं होतं. समोर कमानच्याचं पांढुरकं, रिकामं तोंड होतं, बॉनेटसारखं. मी पाच बोटं बुडवली आणि ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मला वडील आठवले, डेपो आठवला, आणि परदेशात राहून आपण संस्कृती कशी जपली याचं इतकं समाधान वाटलं की विचारू नका. फोटोही आहे. त्यात मी खोबरेलाची बाटली घेतलेल्या मुलासारखा हसतोय.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ते पुसायला घेतलं. कुंकू थोडं निघालं. हळद आत गेली होती. ओलं फडकं फिरवलं तशी बोटांच्या मधली जागाही पिवळी झाली. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. यंत्रांचे पडदे पुसायला आम्ही वापरतो तसल्या स्पिरिटच्या पट्ट्या घरात होत्या. त्यातली एक मी रगडली. कातडं एका कडेला उचलून आलं आणि दुधावरच्या सायीसारखी त्याला सुरकुती पडली. टिचकी मारली तर ठण्णऐवजी ठप्प वाजलं.

मी कमानचा इस्त्रीच्या टेबलावर आडवा ठेवून त्याच्याकडे बघत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात आजोबांची नात. इथेच युनिव्हर्सिटीत शिकते, रविवारी आजोबांकडे येते. आमचा डबा परत करायला आली होती. डबा रिकामा नव्हता. त्यांच्याकडेही ती पद्धत आहे.

"कमानचा ठीक आहे ना?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत.

"एकदम मस्त," मी म्हटलं. आतल्या खोलीचं दार माझ्या पाठीने ओढून घेत.

ती गेली नाही. पायरीवर उभी राहून बोटातल्या अंगठीशी चाळा करत राहिली. "मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नका. पण तुम्ही घेऊन जायचं नसतं ते."

"त्यांनीच दिलं. मी दोनदा नको म्हणालो."

"मग तिसऱ्यांदाही म्हणायचं. चौथ्यांदाही. ते म्हणायचे थांबेपर्यंत नको म्हणायचं. ती नुसती रीत आहे आमची. पाहुण्याने कौतुक केलं की 'तुझंच आहे' म्हणावंच लागतं. अहो, टॅक्सीवालासुद्धा म्हणतो."

माझ्या पायाखालची फरशी थंड होती. हे मला एवढ्यासाठी आठवतं, की त्या वेळी मी बराच वेळ फरशीकडेच बघत होतो.

"आजी गेल्यापासून ते दर रविवारी चार वाजता वाजवतात," ती म्हणाली. "तिच्या चहाची वेळ. तीन रविवार झाले, सांगतात हात दुखतात. हात नाही दुखत. पण परत कसं मागणार? दिलं म्हणाले ना एकदा."

ती गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मला टोमणा मारायची विसरली. मग भानावर आली. "नवीन कातडं बसवून घे गुपचूप. मग नेऊन दे. म्हणावं, तुमची ठेव. त्यांना कळणारही नाही, वर थँक्यू म्हणतील."

ही कल्पना मला इतकी आवडली, की माझीच मला शरम वाटली. सोमवारी सकाळी मी लंडनमधल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याला फोनही केला. तो म्हणाला, आणा की, कातडं तर बदलावंच लागतं अधूनमधून. तीन आठवडे लागतील.

म्हणजे आणखी तीन रविवार. आणि भिंतीपलीकडचा माणूस काय समजत राहणार? की आपल्या वडिलांची वस्तू एका मोहंदेसने लाटली, आणि तो मजेत आहे.

मी फोन ठेवला तेव्हा कमानचा खिडकीत होता. कातडं लवकर सुकावं म्हणून मीच तो सकाळी तिथे ठेवला होता. उन्हात.

संध्याकाळी कामावरून आलो, शाल काढली आणि शेजारी गेलो. तिथे काय झालं, ते मी नंतर सरांना लिहिलं. सरांकडे आता फोन आहे आणि रोज सकाळी ते मला गुलाबाचं फूल पाठवतात, पण माफीपत्र ते अजूनही फोनवर स्वीकारत नाहीत. म्हणून कागदावर लिहून पोस्टाने पाठवलं. ते असं:

सर, नमस्कार.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर अक्षर नीट दिसतंय असं आपण कळवलंत, म्हणून यावेळी मोठं लिहीत नाही. पत्र मात्र मोठं आहे.

काय केलं ते आधी सांगतो. शेजारच्या आजोबांचं वाद्य मी घरी आणलं, जे त्यांना द्यायचं नव्हतं. त्याच्या कातड्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढली. ती स्पिरिटने पुसून कातडं नासवलं. त्यांच्या नातीशी खोटं बोललो. आणि पेटीसारखंच तेही उन्हात ठेवलं. हे शेवटचं कुणी विचारणार नव्हतं, पण आपल्याला लिहायचं म्हणजे लिहायला हवं.

नुकसान आजोबांचं झालं, आणि त्यांच्या बायकोचं, जी आता नाही.

सोमवारी त्यांच्या दारात मी हे सगळं याच क्रमाने इंग्रजीत सांगितलं. ज्याच्यासाठी आपण कागद परत करायचात, तो शब्द इंग्रजीतही वापरला नाही. तोंडापर्यंत दोनदा आला होता. आजोबांनी चष्मा लावला, शाल सोडली आणि कातडं नखाने वाजवून बघितलं. मग नाकाजवळ नेलं. "हळद," ते म्हणाले. "आम्ही कालवणात चिमूटभर घालतो. तुम्ही लोक हात धुता वाटतं तिने."

मग म्हणाले, "काही झालेलं नाही. तुझंच आहे, ठेव."

मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा नको. तिसऱ्यांदा सवयीने माझा हात हलला, तो मी खिशात घातला. सर, पाचव्यांदा नको म्हटल्यावर ते थांबले. कमानचा जवळ ओढून मांडीवर घेतला आणि दांडीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "तीन आठवडे मी तुझ्यावर चिडलो होतो. पण ज्याला भेट दिली त्याच्यावर कसं चिडायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आता चिडता येईल." आणि चिडले. फारसीत. मला कळलं नाही ते बरंच झालं, पण मी उभं राहून सगळं ऐकलं.

शेवटी त्यांनी विचारलं, पाचच बोटं का? मी डेपोचं सांगितलं. ते म्हणाले, "मग बस बिघडायची नाही?" मी म्हटलं, बिघडायची. "तरी लावायचात?" मी म्हटलं, वडील निवृत्त होईपर्यंत लावायचो. त्यावर ते उठले. चहा केला.

आता काय करणार, हे त्यांनीच ठरवलं. वाद्य लंडनला पाठवायला ते तयार नाहीत. परक्या हातात एकदा दिलं तेवढं पुरे, म्हणाले. कातडं घरीच बदलायचं. कवळ्यांची सगळी हत्यारं त्यांच्याकडे आहेत, पण बारीक कामाला आता हात थरथरतात. म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी करायचं. तीन शनिवार मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यात मंडळाची दिवाळीची मिटिंग बुडाली. नुकसानभरपाईत असाही लाभ होतो. जुनं कातडं वाफेवर सैल करून मी सोडवलं, नवं भिजवून ताणलं, सरस लावून दोऱ्याने आवळलं. दांडीला मात्र मला हात लावू देत नाहीत. चांदण्यांवर त्यांनी स्वतः फडकं गुंडाळून ठेवलं होतं. मंडळाच्या दिव्यांच्या चिकटपट्टीचा तुकडा एका चांदणीला लागलेला होता, तो त्यांनी नखाने काढला, अर्धा तास लावून. जुनं पिवळं कातडं त्यांनी फेकलं नाही. कवळ्यांच्या साच्यांच्या खणात ठेवलंय. का, ते मी विचारलं नाही.

काम करताना वेळ जावा म्हणून त्यांना मी आपली आणि खोबरेलाची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की दाभण खाली ठेवायला लागलं. आपल्याला सलाम सांगितलाय.

काल रविवार होता. चार वाजले तेव्हा आम्ही दोघं भिंतीशी बसलो होतो. बायकोने टीव्ही बंद केला होता, हे आपण लिहून ठेवा. आधी नुसता तारा जुळवण्याचा आवाज आला. मग सुरू झालं. आवाज पूर्वीचा नाही. जरा कोरा आहे, नव्या वहाणेसारखा. पण अर्धा तास चालला, मध्ये न थांबता.

संपल्यावर भिंतीवर दोन थापा आल्या. मी धावतच गेलो, कातडं सुटलं की काय म्हणून. आजोबा कमानचा मांडीवर घेऊन बसले होते, नात शेजारी. चेहरा अगदी गंभीर. म्हणाले, "मोहंदेस, ही खुंटी करकरते. जरा तेल घालतोस?"

मी नको म्हटलं. ते म्हणाले, घाल की, तुझा हात चांगला आहे. मी नको म्हटलं. नात तोंडावर उशी धरून हसत होती. सर, ते थांबेपर्यंत मी नको म्हणत होतो.

आपला,
पेटीचा गुन्हेगार